आबांचा डावा डोळा

नासलेलं दूध पुन्हा दूध होत नाही, हे केतकी उतेकरला आईनं लहानपणीच शिकवलं होतं. होऊ शकतं, हे तिला पहिल्यांदा सांगितलं संगणकाच्या पडद्यावरच्या एका हिरव्या रेषेनं.

रेषा डावीकडून निघाली, एकशे पंचाण्णव नॅनोमीटरपाशी चांगली उंच चढली, मग उतरत उतरत दोनशे सतराजवळ खळग्यात गेली आणि दोनशे साठला निमूटपणे शून्यावर टेकली. डोळ्याच्या निरोगी भिंगातल्या प्रथिनाची रेषा अशीच दिसते. फक्त हे प्रथिन निरोगी भिंगातलं नव्हतं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत काढून टाकलेल्या, ताकासारख्या गढूळ भिंगातलं होतं. केतकीनं त्यात आदल्या दिवशी नव्या औषधाचे थेंब मिसळले होते, इतकंच.

"पुन्हा घे," मागून डॉक्टर शर्मिष्ठा करमरकर म्हणाल्या.

"तीनदा घेतलंय, मॅडम."

"मग चौथ्यांदा घे. वाईट बातमी मी एकदाच ऐकते. चांगलीच्या बाबतीत माझा नियम वेगळा आहे."

चौथी रेषा पहिल्या तिन्हींवर इतकी चपखल बसली की पडद्यावर एकच रेषा आहे असं वाटावं. मॅडमनी कँटीनला फोन करून सगळ्यांसाठी भजी मागवली.

हे सगळं घडलं ते माणदेशातल्या एका कातळी माळावर. तिथे दीप्तिवलय नावाचं संशोधन केंद्र उभं राहून तेव्हा काही वर्षं झाली होती. आसपासच्या गावांत त्याला नुसतंच 'गोल कारखाना' म्हणत, आणि ते फारसं चूक नव्हतं. त्या गोल इमारतीच्या आत एका पोकळ नळीतून इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं फिरत असतात. ओली छत्री गरकन फिरवली की कडेनं थेंब सुटतात, तसा त्यांच्या प्रत्येक वळणावर प्रकाश सुटतो. त्यात सगळ्या जातींचा प्रकाश असतो. ज्याला जो हवा त्यानं तो निवडून घ्यायचा. केतकीच्या गटाला हवा असायचा अतिनील, तोही अगदी खोलातला.

या प्रकाशाला पीळ देता येतो. दोरीला देतात तसा, उजवा किंवा डावा. प्रथिनाची साखळीही पिळाची असते, त्यामुळे ती एका पिळाचा प्रकाश जास्त शोषते आणि दुसऱ्या पिळाचा किंचित कमी. या इवल्याशा फरकावरून साखळीची घडण कळते. कुठे ती जिन्यासारखी वळली आहे, कुठे पट्ट्यांसारखी शेजारी शेजारी पहुडली आहे, कुठे नुसतीच विस्कटली आहे. अडचण एवढीच, की खोलातला अतिनील प्रकाश हवाही गिळते आणि पाणी तर अधाशासारखं पितं. म्हणून वाटेतली हवा काढून तिथे नायट्रोजन भरायचा आणि नमुना दोन स्फटिकांच्या चकत्यांमध्ये केसाहूनही कितीतरी पातळ थरात दाबायचा. साध्या दिव्याचा प्रकाश तरीही अर्ध्या वाटेत संपतो. वलयाचा पुरून उरतो.

भिंगाच्या गाभ्यातली प्रथिनं आपण जन्मण्याआधी तयार होतात आणि पुन्हा कधी बदलली जात नाहीत. सत्तर वर्षांचा माणूस सत्तर वर्षं जुन्या प्रथिनांतून जग बघत असतो. ऊन, वय, साखर यांनी त्यांच्या घड्या उसवतात, उसवलेली प्रथिनं एकमेकांना चिकटतात, गुठळ्या होतात आणि भिंग दुधाळतं. करमरकर मॅडमच्या थेंबांतला रेणू या गुठळ्यांत शिरून प्रथिनांना मूळ घडीवर आणत होता. सुरी नाही, टाका नाही. रोज दोन थेंब डोळ्यात घालायचे.

पुढची दोन-तीन वर्षं प्राण्यांवरच्या चाचण्यांत गेली. मग माणसांवरच्या सुरू झाल्या. चारशे लोक निवडले, आधी प्रत्येकाचा एक डोळा आणि सहा महिन्यांनी दुसरा असं ठरलं. त्या चारशेंत नेत्रशिबिरातून नाव देऊन आलेले एक गृहस्थ होते हरिभाऊ उतेकर, राहणार आंबेखिंड, व्यवसाय मधपाळ. म्हणजे केतकीचे आबा.

महाबळेश्वरच्या मागच्या अंगाला, कोयनेच्या खोऱ्यात उतरणाऱ्या कड्यावर आंबेखिंड आहे. आबांच्या तिथे सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या तीसेक पेट्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला, पण शस्त्रक्रियेचं नाव काढू द्यायचे नाहीत. "माश्यांनी मला कुठं कुठं डसलंय ते बायकुलाबी सांगता येत न्हाई," ते म्हणायचे, "पण डोळ्याला हात कुणी लावला न्हाई. आता डॉक्टरला लावू देऊ व्हय?" थेंबांना मात्र ते चटकन तयार झाले. लेकीच्या कारखान्यातले थेंब होते ना.

डावा डोळा उन्हाळ्यात निवळला. भाद्रपदात केतकी सुट्टी घेऊन घरी गेली, तर आबांनी तिला पाठीवरची पिशवीही उतरवू दिली नाही.

"चल, तुला एक गंमत दावतो."

घरामागचा कातळाचा सडा सोनकीनं पिवळाधमक झाला होता. आबांनी एक फूल तोडून तिच्या तळहातावर ठेवलं. "ह्यात काय दिसतंय?"

"सोनकी."

"सोनकी हाय ते मलाबी ठावं हाय. मधी काय दिसतंय?"

"पिवळं. सगळंच पिवळं आहे, आबा."

आबांना आनंद झाला. "न्हाई. मधी गडद कुंडल हाय. आन् भवतीनं पाकळ्यांच्या टोकांला निळसर-पांढरी झाक मारतीय. चुन्याची निवळी असती बघ, तसली. सगळ्या सड्यावर निवळी शिंपडल्यागत दिसतंय."

"आता आली का तुझी पाळी?" सरूबाई, म्हणजे केतकीची आई, परसदारातून म्हणाली. "आठ दिस झालं, ज्याला त्याला धरून फुलं दावत्यात. परवा सरपंचाला धरलं. बिचारा घरपट्टीचं बोलाय आला हुता, तसाच गेला."

"गेला ते बरंच झालं की."

"आन् मला काय म्हणत्यात ठाव हाय? तुझ्या गालावर डाग हायत."

"हायत तर. उन्हाचं डाग. उंबऱ्यात उजेडाला उभी ऱ्हायली की दिसत्यात."

"एवढा संसार झाला तवर न्हाई दिसलं. थेंब घातलं आन् डाग दिसाय लागलं. केतके, तुझ्या कारखान्यात जिभंवर घालायचं काय औषध असलं तर बघ."

केतकी हसली, पण तिचं अर्धं लक्ष तळहातावरच्या फुलात होतं. तिनं आबांचा डावा डोळा झाकला आणि विचारलं, "आता?"

"आता धुकं. उजव्यात काय दिसणार?"

"आणि आता?" तिनं हात काढला.

"आता कुंडल."

ती आणखी चार फुलं घेऊन आली. प्रत्येकाचं कुंडल किती मोठं ते त्यांनी बोटाच्या पेरावर दाखवलं. मग तीच फुलं तिनं पाठीमागे उलटीसुलटी करून पुन्हा समोर धरली, तरी एकदाही चूक झाली नाही. आबांना वाटलं, पोरीला गंमत पटली. केतकी मात्र ओल्या कापडात गुंडाळलेली सोनकी घेऊन दोन दिवस आधीच माळावर परतली.

वलयावर अतिनील प्रकाशात छायाचित्र घेणारा एक कॅमेरा होता. त्यात सोनकी अशी दिसली: मध्ये काळं, रेखीव गोल कुंडल आणि भोवती लख्ख पाकळ्या. मधमाशीला फुलं अशी दिसतात, हे पाठ्यपुस्तकात असतं. मध कुठे आहे हे दाखवणारी ती पाटी. माणसाला ती दिसत नाही. माणसाच्या डोळ्यातल्या मागच्या पडद्याला खरं तर अतिनील प्रकाशाची थोडी जाण असते, पण भिंग तो प्रकाश पडद्यापर्यंत पोचूच देत नाही. भिंगात एक फिकट पिवळा पदार्थ असतो, तो वाटेतच त्याला शोषून घेतो. निसर्गानं प्रत्येकाच्या डोळ्यात घालून दिलेला गॉगलच तो.

तिनं छायाचित्र आबांना पाठवलं. 'हेच का?'

उत्तर लगेच आलं, आवाजात. "हेच. पण तू त्याचं काळं-पांढरं कशापायी केलंस? खरं लई सुंदर असतंय."

तर आबांच्या डाव्या डोळ्यातला गॉगल गेला होता. कसा गेला आणि कुणालाच कळलं कसं नाही, हे शोधायला केतकीला अर्धा दिवसही लागला नाही, आणि त्याचीच तिला जास्त लाज वाटली. प्रथिनाची घडण दोनशे साठ नॅनोमीटरच्या अलीकडे वाचता येते, पलीकडे तिच्याबद्दल काही नसतं. म्हणून रेषा तिथे कापायची, ही वलयावरची पहिल्या दिवसाची शिकवण. पिवळा पदार्थ असतो तीनशे साठच्या आसपास. शिवाय नमुना इतक्या पातळ थरात दाबलेला, की त्यात शाईसुद्धा रंगहीन दिसली असती. महिनोन् महिने प्रत्येकानं प्रत्येक नमुना पाहिला होता, अशा जागी आणि अशा रीतीनं की पिवळा दिसणं शक्यच नव्हतं.

कोपऱ्यात एक जुनं, साध्या दिव्याचं यंत्र होतं. केतकीनं कपाटातून बोटभर जाडीच्या दोन चौकोनी काचनळ्या काढल्या, एकीत थेंबांआधीचं द्रावण भरलं, एकीत थेंबांनंतरचं. यंत्रानं पहिल्यात तीनशे साठला टेकडी दाखवली, दुसऱ्यात सपाट माळ. पण यंत्राचीही गरज नव्हती. दोन्ही नळ्या तिनं पांढऱ्या कागदासमोर धरल्या. एकीत कोरा चहा पाणी घालून पातळ केल्यासारखी झाक होती. दुसरीत पाणी.

तिनं नळ्या तशाच उचलून मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवल्या.

करमरकर मॅडमनी दोन्ही नळ्या उचलून खिडकीच्या उजेडात धरल्या. "म्हणजे गुठळ्या सुटल्या तेव्हा त्यांना चिकटलेलं हेही सुटून धुऊन गेलं," त्या म्हणाल्या. "आणि आपण कोट्यवधींच्या वलयातून बघत बसलो."

"पडद्याला धोका आहे, मॅडम. रोज उन्हात वावरणाऱ्यांना तर जास्तच."

"आहे. लगेच नाही, पण आहे. थेंब थांबवावे लागतील, सगळ्यांचेच. दुसरा डोळा सुरू करायचा नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "देखरेख समितीला आजच कळवू."

"उद्या सकाळी कळवलं तर?" केतकी म्हणाली. "आज मला घरी एक फोन करायचाय. आबांचा दुसरा डोळा पुढच्या सोमवारी सुरू व्हायचा होता."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. "उद्या दहा वाजता. त्याच्यापुढे नाही."

आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "आत्ता लगीच काय इजा झालीया का?"

"नसावी. तपासणी करायला हवी."

"मग एक महिना थांब."

"आबा..."

"आधी ऐक माझं. यंदा कारवी फुलणार. सात वर्सांनी. गेल्या टायमाला मला दिसत हुतं पर हे असलं दिसत न्हवतं, आन् पुढच्या टायमाला मी असंन न्हाईतर नसंन. सोनकीत एवढं दिसतंय तर कारवीचा आख्खा उतार कसा दिसंल? जल्मभर माश्यांच्या मागं फिरलो, पोरी. त्या कशाच्या मागं फिरत्यात ते कधी दिसलं न्हाई. आता दुसराबी डोळा उघडंल म्हणून दिस मोजतोय. महिन्यानं सांग तुझ्या समितीला. मी काय तुझ्याकडं दुसरं मागितलंय कधी?"

मागितलं नव्हतं, हे खरंच होतं. केतकी फोन कानाला लावून खिडकीत उभी राहिली. बाहेर माळावर भर दुपारचं ऊन पडलं होतं, आणि तिला आबा दिसण्याऐवजी उरलेले लोक दिसायला लागले. यादीत रत्नागिरीकडचे मासेमार होते, द्राक्षबागेतल्या बायका होत्या, रस्त्यावर डांबर ओतणारा एक माणूस होता. यांच्यापैकी कुणी फुलं बघून गंमत सांगितली नव्हती. सांगितली असेलही, पण त्यांची मुलं वलयावर कामाला नव्हती.

"आबा, मी उद्या सांगणार आहे," ती म्हणाली.

पलीकडून माश्यांची गुणगुण ऐकू आली. पेट्यांपाशीच उभे होते बहुतेक. "सांग," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

सकाळी दहाला समितीची बैठक झाली. दुपारपर्यंत थेंब थांबले, आणि संध्याकाळच्या आत चारशेही जणांना घराबाहेर पडताना टोपी आणि चष्मा घाला असे निरोप गेले.

त्यानंतर आबा फोनवर येईनात. "पेट्यांकडं गेल्यात," आई सांगायची. कधी म्हणायची, "जेवत्यात." एकदा मात्र तिनं खरं सांगितलं. "हितंच बसल्यात. मान हलवत्यात न्हाई म्हणून. लहान पोरागत करत्यात. तू जेवलीस का?"

केतकी कामाला लागली. काम पुष्कळ होतं. पहिली शंका अशी, की गॉगल गेल्यावर थेट ऊन खाऊन सुधारलेली प्रथिनं पुन्हा नासतील का? यासाठी वलयच हवं होतं. तिनं नमुन्यांना मोजून मापून ऊन दिलं आणि घडी किती टिकते ते पीळ दिलेल्या प्रकाशात पाहिलं. घडी टिकत होती, फक्त भर उन्हात हळूहळू सैलावत होती. सकाळच्या कोवळ्या उन्हात जवळजवळ अजिबात नाही. दुसरीकडे डॉक्टरांनी चारशे लोकांचे पडदे तपासले, ते सगळे शाबूत निघाले. वेळेत कळलं, असं त्यांनी अहवालात लिहिलं. मॅडमनी अतिनील अडवणारे चष्मे करवून घेतले, दिसायला साधेच, किंचित पिवळसर. थेंबांच्या रेणूत जरा फरक केला तर पिवळा पदार्थ जागेवर ठेवता येईल अशी चिन्हंही दिसू लागली. मॅडमनी पुन्हा भजी मागवली नाहीत, पण केतकीच्या टेबलावर एक बोटभर जाडीची काचनळी फुलदाणीसारखी ठेवली, त्यात माळावरचं एक गवतफूल.

चष्मा द्यायला केतकी स्वतः आंबेखिंडीला गेली. सोबत डॉक्टरांनी सही केलेली एक सवलत होती, आणि तिच्यासाठी ती डॉक्टरांशी दोन दिवस भांडली होती. सकाळी, सूर्य झाडांच्या शेंड्यांवर येईपर्यंत, हरिभाऊ उतेकर यांनी चष्मा काढला तर चालेल. रोज नाही. कारवी आहे तोवर.

आबांनी ते ऐकून घेतलं, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि आरशात बघितलं. "तलाठ्यासारका दिसतोय," ते म्हणाले. इतक्या दिवसांनी ते लेकीशी बोलले, ते हे. सरूबाई तोंडाला पदर लावून आत गेली.

दुसऱ्या दिवशी फटफटल्यावर तिघं निघाले. खिंडीच्या पलीकडचा उतार वरपासून खालपर्यंत जांभळा झाला होता. केतकीनं सात वर्षांपूर्वीची कारवी पाहिली होती, तरी तिचा पाय थबकला. पानं दिसत नव्हती इतकी फुलं, आणि सगळा उतार भरून वाहणारा माश्यांचा आवाज. तिघं एका खडकावर बसले. वरच्या बाजूनं ऊन सरकत खाली येत होतं.

आबांनी चष्मा काढला आणि हात मांडीवर ठेवून नुसते बघत राहिले. केतकीनं विचारायचं टाळलं. तिचा हिशोब बरोबर होता, हे तिला माहीत होतं. त्यात तिनं आबांकडून काय काढून घेतलं होतं, ते मात्र कुठल्याच यंत्रावर दिसत नव्हतं.

"तू बरुबर केलंस," आबा म्हणाले, उताराकडेच बघत. "मला राग आला हुता. अजून थोडा हाय. पर बरुबर केलंस."

"उजव्या डोळ्याचं काय करायचं, आबा? नवे थेंब येतील, पण दीडेक वर्ष लागेल."

"थेंब नगं. ऑपरेशन करून टाकू. ते साधं भिंग बसवत्यात ना, तेच बसवा."

केतकी वळून बघायला लागली. "सुरी लागेल."

"लागू दे."

"मग त्या डोळ्याला हे काही दिसणार नाही. त्या भिंगात अतिनील अडवायची सोय असते."

"म्हणूनच तर." आबांनी डावा डोळा झाकून धूसर उजव्यानं उतार बघायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "महिनाभर गावात हिंडलो, फुलं धरून. कुणाला काय सांगावं तर समोरच्याला किती दिसतंय तेच मला ठावं न्हाई. कुठनं सुरवात करायची? हिला सांगाय गेलो तर डागाचं बोलून बसलो. दोन्ही डोळं तसलं झालं असतं तर मी एकटाच बघत बसलो असतो, गप. माशी बघती आन् दुसऱ्या माशीला नाचून सांगती. मला काय नाचाय येतंय?" ते हसले. "एक डोळा तुमच्यासारका असू दे. त्यानं बघीन, तुमाला किती दिसतंय ते. आन् तुमाला न दिसणारं जे ऱ्हाईल, तेवढंच सांगीन."

ऊन आता खालच्या फुलांवर पोचलं होतं. सूर्य शेंड्यांवर यायला अजून अवकाश होता.

"मग सांगा की," सरूबाई म्हणाली. तिनं पदर सावरून खडकावर नीट बैठक घातली. "बसलोय न्हवं आम्ही."

आबांनी चष्म्याची घडी करून तो खिशात ठेवला, आणि सगळ्यात खालच्या फुलापासून सुरुवात केली.